टाकेवणीला डोळे फुटले

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझा कान म्हणजे कान आहे! अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात केली मी, अगदी ट्रंक कॉल जोडण्यापासून. लाईनमध्ये खरखर असो, समोरच्याच्या तोंडात पान असो, नाहीतर कुणी हमसून रडत असो, मला शब्द न् शब्द ऐकू यायचा! मुलुंडला आमच्या सोसायटीत आजही कुणाला फोनवरचं बोलणं कळलं नाही, की तो फोन कुंदाताईंच्या हातात येतो. तेव्हा टाकेवणीच्या प्रकरणात मी चुकीचं ऐकलं असं जे कुणी म्हणत असेल, त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी एक अक्षरही चुकीचं ऐकलं नव्हतं!

टाकेवणी म्हणजे आमच्या गंधालीचं होणारं सासर. कसारा घाट चढलात, इगतपुरी मागे टाकलीत, की एक फाटा लागतो. आत गेलं की डोंगराला टेकून बसलेलं गाव आणि गावभर द्राक्षाचे मळे. खायची द्राक्षं नव्हेत हां, वाईनची! बारीक, काळी, जाड सालीची. गावातली बरीच माणसं पहाटेची गाडी पकडून ठाण्या-मुलुंडला नोकरीला येतात आणि संध्याकाळी परत जाऊन वेलींत उभी राहतात. निलेश त्यांच्यातलाच. गंधालीच्याच ऑफिसात होता. मग नोकरी सोडून तो पूर्णवेळ मळ्यात गेला आणि जाताना आमच्या पोरीचं मन घेऊन गेला.

याआधी गंधालीने स्थळं नाकारली होती ती कशी? चहा गार व्हायच्या आत! आणि हा निलेश म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, "आई, मी तिथे राहीन. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला येऊन-जाऊन करीन. बाकीचे दिवस घरून." मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदा टाकेवणीला गेलो, आणि खरं सांगते, मी अजून पुरती परत आलेले नाही. दुपारची वेळ होती. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा लांबवर गेलेल्या, आणि त्यांत काळेभोर घड. वाऱ्याला पिकल्या फळाचा असा काही वास होता, की बोलावंसंच वाटेना. मला! बोलावंसं वाटेना! आमच्या ह्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि म्हणाले, "कुंदा, इथे एक खाट टाकून पडून राहावं बघ. वर पानं, खाली सावली, आणि कुणी उठवायला नको."

तेव्हापासून ह्यांचं, म्हणजे आमच्या शरच्चंद्रांचं, काही खरं नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून पार्किंगकडे बघत राहतात. "त्या पांढऱ्या गाडीच्या जागी एक रांग छान बसेल नाही गं?" मी हसते, पण मलाही भाजी निवडताना मध्येच पाल्याचा वास वेगळा यायला लागला होता. हातातली मेथी हातातच राहायची आणि मी कुठल्या कुठे!

पण अजून काही पक्कं नव्हतं. निलेशचे वडील त्र्यंबकराव राजी होते. कमी बोलणारा, वेलींवरून मूल कुरवाळावं तसा हात फिरवणारा माणूस. अडत होतं ते निलेशच्या आईपाशी. रुक्मिणीताईंनी तोंडावर सांगितलं होतं, "पोरगी मला आवडली. पण शहरातली माणसं इथं येतात, फोटो काढतात, लई भारी म्हणतात, अन् पहिल्या अडचणीला गाडीत बसून निघून जातात. मी दिवाळीनंतर सांगते." आणि दुसरं एक दुखणं होतं. निलेशचं आधीचं एक जमलेलं स्थळ मोडलं होतं, कारण मुलीच्या मामाने भर बैठकीत विचारलं, "तुमचा दारूचा धंदा का?"

त्यामुळे गंधालीने मला बजावून ठेवलं होतं. "आई, तिथे 'द' वरून सुरू होणारा तो शब्द काढायचा नाही. वाईन म्हणायचं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, प्लीज. एवढं एक बिघडवू नकोस!"

"मी? मी काय बिघडवणार?" असं मी म्हणाले होते. अगदी या शब्दांत म्हणाले होते.

ऑक्टोबरातला रविवार. गंधाली मैत्रिणीच्या लग्नाला गोव्याला गेलेली. सकाळी मी चहा गाळत होते आणि त्र्यंबकरावांचा फोन आला. आता हा संवाद नीट वाचा आणि तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं ते!

"इहीणबाई," ते म्हणाले. आवाज नुसता थरथरत होता. "गेल्या आठवड्यात डोळ्यांना पेस्ट लावली होती."

"कसली पेस्ट?"

"असती एक. भारी जहाल. हातमोजे घालून लावावी लागती. एकेका डोळ्याला लावली, मी अन् रुक्मिणीनं."

"अगं बाई! मग?"

"मग काय! आज सकाळी बघतो तर फुटले! सगळे डोळे फुटले! एकही मागं राहिला नाही!"

माझ्या हातातलं गाळणं बेसिनमध्ये पडलं. "आणि... आणि निलेश?"

"त्याचे कालच फुटले. त्यानं आधी लावली होती ना!"

"आणि रुक्मिणीताई?"

"तिचे अर्धेच फुटलेत. पण फुटतील, उद्यापर्यंत तिचेही फुटतील."

"अहो, मग डॉक्टर? दवाखाना?"

"डॉक्टर कशाला? आता काय करायचं राहिलं? नुस्तं बघत बसायचं! या ना तुम्ही पण..." आणि रेंज गेली.

बघत बसायचं! कशाने बघणार होता बिचारा? मी तिथेच स्टुलावर बसले. ह्यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "पण कुंदा, त्यांचा आवाज कसा होता?"

"आनंदी होता!"

"मग?"

"मग काय मग! एवढा मोठा धक्का बसला की माणूस हसायला लागतो. भ्रम झालाय त्यांना! उठा तुम्ही!"

निलेशला फोन लावला. उचलेना. उचलणार कसा, बटण दिसायला नको? पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्र्यंबकरावांचा तर संपर्कक्षेत्राबाहेर. गंधालीला कळवायचं नाही, असं मी ठरवलं. परक्या गावात, लग्नघरात पोर कोसळेल. म्हणून मी फक्त वरच्या मजल्यावरच्या माधुरीला सांगितलं. तेसुद्धा का, तर तिचा भाचा ओजस नुकताच डोळ्यांचा डॉक्टर झालाय आणि जवळच नाहूरला राहतो.

माधुरीने तोंडावर हात ठेवला. "कुंदा, कसली पेस्ट आणि कसलं काय! डोळे कशाने जातात माहितीये ना? अगं, पेपरात येतं की! वाईट दारू पिऊन जातात!"

"ते वाईन करतात गं, दारू नाही."

"बाटलीत जाते ना? मग झालं!"

मला पटलं नाही हो. पण एकदा डोक्यात शिरलं ते शिरलं. सगळ्या घराचे डोळे एकदम जातात म्हणजे काहीतरी प्यायल्यातच असणार, नाही का? मी पिशव्या भरायला घेतल्या. घरात आता करणारं कुणी उरलं नसेल, म्हणून डाळ-तांदूळ, मेतकूट, लोणच्याची बरणी, चार चादरी, माझी औषधं. आमचे हे कपाटावरून मोठी बॅग काढत होते. त्यात त्यांनी उशी घातली, लुंगी घातली, ट्रान्झिस्टर घातला.

"अहो, उशी कशाला?"

"काही दिवस राहावं लागेल ना आपल्याला," हे गंभीर चेहरा करून म्हणाले. पण मी बायको आहे. मिशीखाली कुठेतरी खाट टाकलेली मला दिसत होती.

ओजस बॅग घेऊन आला, गाडी त्याचीच. गुणी मुलगा, पण प्रश्न फार विचारतो. "मावशी, पेस्टचं नाव काय? दुखतंय का त्यांना? पाणी येतंय का?" मी म्हटलं, "बाळा, तू गाडी चालव!"

घाटात धुकं होतं. पाऊस संपून थोडेच दिवस झालेले, कडे अजून ओले, आणि ढग रस्त्यावर उतरून गाडीच्या पुढे पुढे चालल्यासारखे. मी काचेला डोकं टेकलं. एरवी मला झोप लागली असती. मला टाकेवणीचा ओटा दिसत होता, संध्याकाळचं ऊन, गंधाली गाडीवरून उतरून पायवाटेने येतेय, खांद्याला ऑफिसची पर्स, आणि वेलींतून कुणीतरी तिला हाक मारतंय. किती वेळा पाहिलं होतं मी हे जागेपणी! आता त्या चित्रात सगळे काठी घेऊन चाचपडत होते. मला रडू आलं. खरंच आलं. ह्यांनी रुमाल पुढे केला.

तेवढ्यात फोन वाजला. गंधाली!

"आई, माधुरीमावशीने सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकलंय? 'गंधालीच्या सासरी दारूने सगळे आंधळे, प्रार्थना करा'! आई, काय आहे हे? निलेश फोन उचलत नाहीये! मी वेडी होईन!"

"रडू नकोस बाळा, आम्ही पोचतोच आहोत, डॉक्टर आहे बरोबर."

"डॉक्टर? म्हणजे खरं आहे?" आणि तिथून असा हंबरडा, की ओजसने गाडी बाजूला घेतली.

टाकेवणीत शिरलो. ओजसने मळ्याच्या कडेला गाडी उभी केली, आणि मी अर्ध्या उघड्या दारातूनच उडी मारली. समोर वेली होत्या. फेब्रुवारीतल्या त्या भरलेल्या रांगा नव्हेत, पार छाटून टाकलेल्या, उघड्या काड्या. हे असं कोण करील? न दिसणारा माणूसच करील! रांगेच्या मध्यात त्र्यंबकराव एका काडीला तोंड लावल्याइतके जवळ जाऊन उभे होते. बोटाने काहीतरी चाचपत होते.

"दादा!" मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ते दचकले. मी तीन बोटं त्यांच्या तोंडासमोर धरली. "ही किती आहेत? घाबरू नका, अंदाजे सांगा!"

"तीन," ते म्हणाले. "का हो?"

"ओजस, अंधुक दिसतंय रे यांना! लवकर ये!" आणि मग, वाचकहो, मग माझ्या तोंडून ते निघालं. रडत रडत, मोठ्यांदा, वस्तीवरची सगळी माणसं गोळा झालेली असताना. "दादा, कशाला प्यायलात ती मेली दारू!"

गोळा झालेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

त्र्यंबकराव माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काय बोलू राहिल्या तुम्ही, इहीणबाई? मी तर सकाळपासून चहा पण नाय घेतला. हे बघत होतो." त्यांनी ती काडी माझ्यासमोर धरली. काडीवर एक फुगीर गाठ होती, आणि ती उकललेली होती. आतून कापसासारखी लव, आणि लवेतून गुलाबी-हिरवं, नखाएवढं पान डोकावत होतं. "याला डोळा म्हणतात. छाटणी केली की डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे एकदम फुटतात. असे एकसारखे फुटायला नशीब लागतं. वर्षाचा माल याच्यावर."

मी त्या रांगेकडे पाहिलं. मग पुढच्या. जिथवर नजर जाईल तिथवर त्या उघड्या काड्यांवर बारीक बारीक गुलाबी ठिपके होते, आणि धुक्यातून आलेलं ऊन त्यांच्यावर पसरत होतं. इतकं सुंदर होतं, की मला क्षणभर आपली वाट लागलीय याचाही विसर पडला. आमचे हे तर पार पलीकडच्या रांगेत पोचले होते.

"म्हणजे निलेशचे..." मी म्हणाले.

"त्याचा खालचा प्लॉट. काल फुटला. तिथंच आहे तो, फोन घरी विसरून."

"आणि रुक्मिणीताईंचे?"

"वरचा तुकडा तिच्या नावचा आहे."

रुक्मिणीताई घराच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहरा असा, की मी माझ्या चपलांकडे बघायला लागले. झालं! गंधालीचं सगळं मी माझ्या तोंडाने मातीत घातलं. पोर म्हणाली होती, एवढं एक बिघडवू नकोस.

"हा पोरगा कोण?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर. डोळ्यांचा," ओजस बॅग पोटाशी धरून म्हणाला.

"हं." त्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर आल्या. "मला एक सांगा. आमच्या घरातले सगळे आंधळे झाले असं वाटलं ना तुम्हाला? मग लग्न मोडायला आला होता का?"

"मोडायला?" मी तोंडाकडेच बघत राहिले. "अहो, ते मला सुचलंच नाही!"

आणि ते खरं होतं. देवाशपथ खरं! मुलुंडपासून इथवर एवढं काय काय डोक्यात आलं, पण हे आलंच नाही. "मला वाटलं, तुमचं कोण करणार? स्वयंपाक कोण करणार? म्हणून राहायलाच आले मी. चादरी आणल्यात. लोणचं आणलंय. गंधाली रडत निघाली असेल गोव्याहून, तीही इकडेच येणार."

रुक्मिणीताईंनी गाडीत वाकून पाहिलं. बरणी पाहिली, चादरी पाहिल्या, ह्यांची उशी पाहिली. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्या मटकन पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की त्र्यंबकराव घाबरले. "आहो, आंधळ्यांच्या घरात राहायला आल्या ह्या! लोणचं घेऊन!" हसता हसता त्यांचे डोळे भरले होते. "आणि मी म्हणत होते, पहिल्या अडचणीला पळतील!"

त्यांनी मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. कुणीतरी चहा आणला. निलेश खालून धावत आला, त्याने गंधालीला फोन लावला, आणि पलीकडे दूर जाऊन तो बराच वेळ नुसता "अगं हो, दिसतंय मला, नीट दिसतंय" एवढंच म्हणत होता. आमच्या ह्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मळ्याच्या तोंडाशी जांभळीखाली खाट होती, उशी त्यांची स्वतःची होती. ट्रान्झिस्टर हळू आवाजात लागला. मी चहाचा घोट घेतला आणि मला वाटलं, आता इथून उठूच नये.

ओजसला मात्र रिकामं बसवेना. एवढ्या लांब आलोय तर डोळे तपासतोच, म्हणाला. वस्ती ओट्यासमोर रांगेत बसली. त्र्यंबकरावांनी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय वाचून दाखवली. रुक्मिणीताईंनी समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मोजल्या. एकाच्याही डोळ्यांत खोट निघेना. शेवटी ओजस माझ्याकडे वळला. "मावशी, आलाच आहात तर तुमचेही बघू." बॅटरी मारली. हा डोळा, तो डोळा. मग ओठ चावले.

"मावशी, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. उजवा तर चांगला पिकलाय, काढायलाच हवा."

त्र्यंबकराव गंभीरपणे पुढे झाले. "पिकल्यावर ठेवू नये, इहीणबाई. उतरतो."

सगळा ओटा हसला. रुक्मिणीताई नाही हसल्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "साखरपुडा ठरला! दिवाळी झाल्यावर, इथंच, या ओट्यावर. पण आधी इहीणबाईंचा मोतीबिंदू काढायचा. पोरीचा हात कोणाच्या हातात देताय, ते तुम्हाला नीट दिसलं पाहिजे!"

तसंच झालं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा पुढच्या महिन्यावर ठेवला. वेलींना तोवर हातभर पालवी आली होती. संध्याकाळचं सोनेरी ऊन, रांगोळी, सनईची रेकॉर्ड, अबोली रंगाच्या साडीत गंधाली, आणि मी डॉक्टरने दिलेला काळा चष्मा लावून. सगळं जग मला जांभळट, मऊ, पाण्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं. इतकं छान, की चष्मा काढावासाच वाटेना. गंधालीचा हात निलेशच्या हातात अगदी बरोबर दिला हो मी! त्यात काही चूक नाही, सगळे साक्षीदार आहेत. मग रुक्मिणीताई म्हणाल्या, "आता जावयाचं तोंड गोड करा." मी पेढा उचलला, डोळ्यांत पाणी आणून, जन्मभराची माया एकवटून जावयाला भरवला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या पोरीला सुखात ठेव हो!"

तो फोटोग्राफर होता. पण मुलगा चांगला होता. "हो आई," म्हणाला.